मुकादमाचं घड्याळ उजव्या हातात कसं गेलं? एका क्राइम सिरियलच्या एपिसोडचं प्रकरण

चॅनलचं आणि सिरियलचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हे जे झालंय ते कुठल्याही क्राइम सिरियलमधे होऊ शकतं आणि होतंच. एपिसोड दोन भागांचा होता, गोष्ट परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातली, सुरुवातीलाच खाली पाटी येते 'डिसेंबर २०२४', त्यामुळं आमच्या घरात तो जरा जास्तच लक्ष देऊन बघितला गेला, आपल्याकडची गोष्ट टीव्हीवर रोज थोडीच येते.

गोष्ट थोडक्यात सांगते. गावोगाव फिरून कापूस घेणारा एक व्यापारी, त्याचा त्याच्याच आखाड्यावर खून होतो (सिरियलवाले शेवटपर्यंत फार्महाऊस म्हणतात, परभणीकडं शेतातल्या घर-गोठ्याला आखाडा म्हणतात). संशय तिघांवर. एक त्याचा मेव्हणा, एक ऊसतोडीचा मुकादम ज्याचे पैसे त्याच्याकडं अडकलेत, आणि एक कामावरून काढलेला ड्रायव्हर. पोस्टमॉर्टेम करणारे डॉक्टर सांगतात की वार समोरून झालाय आणि मानेच्या उजव्या बाजूला बसलाय, म्हणजे मारणारा डावखुरा. आता तिघांतला डावखुरा कोण, एवढ्यावर सगळा पहिला भाग चालतो.

आणि पहिल्या भागाच्या शेवटी मुकादम टपरीवर चहा पितो. डाव्या हातात ग्लास, उजव्या मनगटावर घड्याळ. शॉट जेमतेम तीन-चार सेकंदांचा आहे पण क्लोजअप आहे, चेहरा आणि हात दोन्ही फ्रेममधे, त्यामुळं दिसल्याशिवाय राहत नाही. आमचे मामा पोलिस खात्यातून जमादार म्हणून रिटायर झालेत, त्यांनी तिथंच निकाल दिला, "संपलं बघ, मुकादमानंच मारलाय, घड्याळ बघितलं का त्याचं?" आणि चूक नव्हती त्यांची, डावखुरी माणसं बऱ्याचदा घड्याळ उजव्या हातात घालतात, दाखवलेल्या पुराव्यावरून हाच निष्कर्ष निघतो. ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी एपिसोड बघितला त्यातल्या बऱ्याच जणांचं हेच मत होतं.

दुसऱ्या भागात खुनी निघाला मेव्हणा. पोलिस स्टेशनात जबाबावर डाव्या हातानं सही करतो आणि पकडला जातो. मुकादमाच्या घड्याळाचं काय झालं, तो डाव्या हातानं चहा का पीत होता, याच्यावर एक शब्द नाही. साहेब मुकादमाला सोडतात तेव्हा "तू तर उजव्या हाताचा" असं म्हणून सोडतात, म्हणजे गोष्टीतल्या पोलिसांना तो शॉट दिसलेलाच नाही!

इथून आमचं प्रकरण सुरू झालं.

मामांचं म्हणणं, लेखकानं मुद्दाम फसवलंय, संशय दुसरीकडं वळवायला असं करतातच. माझं मन मानत नव्हतं. कारण मुद्दाम फसवायचं असलं तर त्याची एक पद्धत असते, कॅमेरा त्या वस्तूवर थांबतो, किंवा गोष्टीतलं कुणीतरी तिकडं बघतं, आणि शेवटी त्याचा खुलासा येतो की बाबा हा इतके दिवस उजव्या हातात घड्याळ घालत होता कारण डाव्या मनगटाला लागलं होतं वगैरे. खुलासा आला नाही तर ती फसवणूक नाही, ती विसर आहे. म्हणून तो सीन ॲपवर परत लावला आणि थांबवत थांबवत बघितला.

पहिली गोष्ट लगेच दिसली. त्याच सीनमधे, त्याच संभाषणात, आधीच्या लांबच्या शॉटमधे मुकादम उजव्या हातात ग्लास धरून उभा आहे आणि घड्याळ डाव्या मनगटावर आहे. क्लोजअप येतो, सगळं अदलाबदल. परत लांबचा शॉट, परत होतं तसं. चहाचा एक घोट घेईपर्यंत कुणी घड्याळ या हातातून त्या हातात घालत नाही. म्हणजे कंटिन्युटीची (एका शॉटमधलं पुढच्या शॉटमधे जसंच्या तसं असण्याची) चूक आहे हे नक्की झालं, पण कसली चूक? नटानं खरंच हात बदलला असं धरलं तर ग्लास समजू शकतो, घड्याळ नाही.

कोडं सोडवलं ते मावशीनं. मावशी शिवणकाम करते, आख्खं आयुष्य मशीनवर गेलंय, तिचं लक्ष कपड्यावरच जातं. ती म्हणली, "आगं माय, ह्याचा खिसा कुणीकडं हाय बघ की." बघितलं तर शर्टाचा खिसा उजव्या बाजूला. आपल्याकडं बाप्यांच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो, शिंपी दुसरीकडं लावतच नाही. मग तिनं बटणपट्टी दाखवली, बाप्याच्या शर्टाला डावी पट्टी उजवीवर येते, इथं उजवी पट्टी डावीवर आली होती, बायकांच्या शर्टासारखी. आणि मागं टपरीच्या बाजूला एक बाई घागर घेऊन चाललीये, अगदी धूसर, पण तिचा पदर उजव्या खांद्यावर! मावशी म्हणली असा पदर सेलूत कोण घेतंय, गुजराती पद्धतीचा म्हणावं तर तो पुढं येतो, हा तर मागं सोडलाय.

आता सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. भाच्यानं स्क्रीनशॉट काढला आणि मोबाइलमधे आडवा उलटा करून टाकला, आरशात दिसतं तसा. खिसा डावीकडं आला. बटणपट्टी बरोबर झाली. बाईचा पदर डाव्या खांद्यावर. घड्याळ डाव्या मनगटावर, ग्लास उजव्या हातात. मुकादमाच्या मागं स्प्लेंडर उभी होती, तिचा सायलेन्सर चुकीच्या अंगाला दिसत होता तो उजव्या अंगाला आला आणि साइड स्टँड डावीकडं, जिथं असतं तिथं. आणि मागच्या भिंतीवर जो नुसता रंगाचा डाग वाटत होता तिथं अंधुक पण वाचता येईल असं 'किराणा' दिसलं. शॉट एडिटिंगमधे फ्लिप केलेला होता, विषय संपला.

फ्लिप का करतात हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण नुसतं हसून मोकळे होतो. दोन माणसं समोरासमोर बोलताना दाखवायची तर त्यांच्यामधे एक अदृश्य रेघ धरतात आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवतात, म्हणजे एक माणूस डावीकडून उजवीकडं बघताना दिसतो आणि दुसरा उजवीकडून डावीकडं, आणि प्रेक्षकाला वाटतं की दोघं एकमेकांकडं बघायलेत. १८० अंशांचा नियम म्हणतात त्याला. घाईत कॅमेरा रेघेच्या पलीकडं गेला तर क्लोजअपमधे दोघंही एकाच बाजूला बघताना दिसतात, जणू दोघं मिळून तिसऱ्याच कुणाकडं बघायलेत. हे कळतं एडिटिंगच्या टेबलवर, तेव्हा नट घरी गेलेला असतो, लोकेशन सुटलेलं असतं, टेलिकास्ट तोंडावर असतो. मग एडिटर त्यातला एक शॉट आडवा उलटा करतो, एक क्लिकचं काम, नजर जुळते. फ्रेममधे अक्षरं नसतील तर बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही. इथं अक्षरं धूसर होती म्हणून एडिटरला वाटलं असणार की चालून जाईल.

दुसऱ्या कुठल्या मालिकेत चाललंही असतं! सासू-सुनेच्या मालिकेत घड्याळ या हातातून त्या हातात गेलं तर कुणाचं काय बिघडत नाही. पण इथं आख्खा तपास डावा हात का उजवा हात यावर उभा आहे आणि नेमका त्याच एपिसोडमधे उलटा शॉट टाकलाय. लेखकाच्या कागदावर डावखुरा एकच होता, एडिटिंग झाल्यावर पडद्यावर दोन झाले. क्राइम सिरियल बघणाऱ्याला पहिल्या मिनिटापासून शिकवलेलं असतं की बारीक बघ, प्रत्येक वस्तू संशयाची आहे. तो बारीक बघतो, आणि त्याला जे सापडतं ते प्रॉडक्शनच्या घाईचं उरलंसुरलं असतं. मामांसारख्या माणसानं नोकरीभर पंचनामे लिहिलेत, त्यांनी दिसलं तेच मांडलं आणि त्यांचा तपास चुकला, कारण पुरावाच खोटा होता.

म्हणून मग आम्ही आख्खा एपिसोड याच नजरेनं परत बघितला. चुका भरपूर निघाल्या पण सगळ्या सारख्या नाहीत. आम्ही एकच प्रश्न विचारत होतो, गोष्टीतल्या साहेबानं ही गोष्ट बघितली असती तर तपास बदलला असता का?

बदलला नसता अशा चुका पटकन सांगून टाकते. चहाचा ग्लास अर्धा-भरलेला-अर्धा होतो. साहेबाच्या खांद्यावर एका सीनमधे दोन स्टार आणि दुसऱ्यात तीन, दोन स्टार म्हणजे पीएसआय, तीन म्हणजे एपीआय किंवा पीआय, प्रमोशन एका रात्रीत झालंय. डिसेंबरची रात्र आणि पोलिस स्टेशनात पंखा गरगर फिरतोय, तेही परभणीत, जिथलं थंडीतलं किमान तापमान राज्याच्या बातम्यांत येत असतं. रानात मागं हिरवंगार सोयाबीन उभं आहे, आपल्याकडं सोयाबीन फार तर ऑक्टोबरपर्यंत निघून जातं, डिसेंबरात रानात तूर, ज्वारी, हरभरा आणि वेचणीचा कापूस असतो. शेवटी आरोपीचा वकील "मुंबईला हायकोर्टात जाऊ" म्हणतो आणि मुंबईच्या हायकोर्टाच्या इमारतीचा शॉट येतो. परभणीचं प्रकरण छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं, १९८१ पासून तिथं खंडपीठ आहे, मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ह्यातलं काही बोचतं, काही नाही, पण खुनी कोण ह्याच्यात फरक पडत नाही.

एफआयआरचं मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. साहेब म्हणतो "तीनशे दोन लावा". आता १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भा.दं.वि.) जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यानंतरच्या खुनाला कलम १०३ लागतं. मामा म्हणाले बोलण्यात तीनशे दोन येणारच, जुन्या लोकांच्या तोंडातून ते जायला आख्खी पिढी जावी लागल, ती चूक धरू नको. पटलं मला. पण पुढं एफआयआरच्या कागदाचा क्लोजअप आहे आणि त्यात टाइप केलेलं आहे 'भा.दं.वि. ३०२' आणि वर 'सीआरपीसी १५४', म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं एफआयआर नोंदवायचं कलम. गुन्हा डिसेंबर २०२४ चा, मग तिथं न्याय संहितेचं १०३ आणि नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ पाहिजे. गुन्हा जून २०२४ मधला दाखवला असता तर खुनाला जुनंच कलम लागलं असतं. म्हणजे एक तर जुना कागद उचलून वापरलाय किंवा पाटीवरची तारीख नंतर कुणीतरी बदललीये.

आता तपास बदलणाऱ्या चुका. घड्याळ सोडून अजून तीन सापडल्या.

सगळ्यात मोठी साक्षीदाराची. शेजारचा शेतकरी सांगतो की संध्याकाळी ७ वाजता मी मेव्हण्याला बांधावरून जाताना लांबून बघितलं, आणि सीनमधे चांगलं ऊन आहे, माणसांच्या सावल्या लांब पडल्यात. डिसेंबरात परभणीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास बुडतो, सातला रानात मिट्ट काळोख असतो, बॅटरी लावल्याशिवाय स्वतःचे पाय दिसत नाहीत. गोष्टीच्या नियमानं बघितलं तर हा साक्षीदार सरळ सरळ खोटं बोलतोय आणि मेव्हणा सुटायला पाहिजे! बचावाच्या वकिलानं एवढं एक विचारलं असतं तरी केस ढिली पडली असती. बाहेरचं शूटिंग दिवसा उरकतात, रात्रीचं करायचं तर लाइट, जनरेटर, जास्तीची शिफ्ट, सगळं महाग पडतं, हे कळतं. पण मग संवादात ७ च्या जागी ५ करायला पैसे लागत नाहीत, डबिंगमधे एक शब्द बदलतो.

दुसरी मातीची. साहेब ड्रायव्हरच्या बुटाला लागलेली माती बघून म्हणतो "ही आखाड्यावरचीच माती आहे". माती लाल आहे. आणि आखाड्याची जमीनही लालच दाखवलीये, म्हणजे कंटिन्युटी म्हणून बघितलं तर चूक शून्य, बूट आणि जमीन जुळतात. पण सेलू-परभणीचा पट्टा म्हणजे काळी रेगड, पावसात चपलेला किलो-किलो चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. लाल माती बघितल्या बघितल्या आमच्या घरातल्या प्रत्येकाला वाटलं की ड्रायव्हर बाहेरगावी जाऊन आलाय, म्हणजे त्याची ॲलिबी (खुनाच्या वेळी मी तिथं नव्हतोच हे म्हणणं) खरी आहे. लेखकाला नेमकं उलटं सांगायचं होतं. शूटिंग मुंबईच्या बाजूला झालेलं असणार, तिकडं लाल माती मिळते. ही चूक मुंबईच्या प्रेक्षकाला दिसणारच नाही आणि मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला तिच्यामुळं गोष्ट वेगळीच समजणार, हे मला जास्त लागतं. आमच्याकडची गोष्ट घेतली तर आमच्याकडची माती घ्यायला पाहिजे होती, पोतंभर आणून नुसती बुटाला लावली असती तरी भागलं असतं.

बोलण्याचंही त्यातच येतं. मेव्हणा "काय करतुयास" म्हणतो, हे सातारा-कोल्हापूरकडचं, आमच्याकडं "काय करायलास" म्हणतात. मावशीला वाटलं जावई करताना लांबची सोयरीक केली असंल आणि तिथलंच काहीतरी प्रकरण पुढं निघंल. काही निघालं नाही.

तिसरी प्रेताची. खून संध्याकाळी ७ चा सांगितलाय, प्रेत सापडतं सकाळी ७ ला, म्हणजे बारा तास. उचलताना हात खाली लोंबतो, मान सैल हलते, जमिनीवरचं रक्त लालभडक. मेल्यावर दोन-तीन तासांत जबडा आणि मानेपासून अंग आखडायला लागतं आणि बारा तासांच्या आसपास सगळं अंग ताठ असतं, थंडीत थोडा उशीर होईल पण इतकं सैल राहणार नाही. आणि रक्त रात्रभरात वाळून काळपट तपकिरी होतं. मामांनी प्रेतं उचलायला लावलीत, ते बघताक्षणी म्हणाले हा माणूस तासाभरापूर्वी मेलाय. त्यांच्या हिशोबानं खून पहाटे झालेला, आणि पहाटे मेव्हणा तर परभणीला बसस्टँडवर दाखवलाय. परत एकदा खरा खुनी पुराव्यानिशी सुटतोय!

डॉक्टरांच्या त्या डावखुऱ्या निष्कर्षाबद्दलही बोलायला पाहिजे, कारण सगळी इमारत त्याच्यावर आहे. समोरासमोर उभं राहून वार केला तर उजव्या हाताचा वार समोरच्याच्या डाव्या बाजूला बसतो आणि डाव्या हाताचा उजव्या, एवढं बरोबर आहे. पण मारणारा मागून आला तर हिशोब फिरतो, मान वळली असली तर फिरतो, वार परतीच्या हातानं केला तरी फिरतो. मामा म्हणाले त्यांनी बघितलेल्या रिपोर्टांत डॉक्टर जखमेची जागा, लांबी, खोली, दिशा लिहितात, मारणारा कुठल्या हाताचा हे ठणकावून सांगत नाहीत. आणि आपल्याकडं तर चहा कुठल्या हातानं पितो यावरून काहीच ठरत नाही, डावखुऱ्या पोरांना लहानपणापासून जेवण, प्रसाद, पैसे सगळं उजव्या हातानं घ्यायला लावतात. मेव्हणा पहिल्या भागात आरतीनंतर प्रसाद उजव्या हातानं घेतो, बऱ्याच जणांनी ती चूक म्हणून धरली, मी नाही धरत, ती एपिसोडमधली सगळ्यात खरी गोष्ट आहे. लेखकानं तिचा उपयोग केला असता तर काय मजा आली असती.

चुका होतात कशा हेही बघायला पाहिजे कारण ही माणसं काही झोपा काढत नाहीत. गोष्ट पडद्यावर ज्या क्रमानं दिसते त्या क्रमानं शूट होत नाही, लोकेशनच्या हिशोबानं होते. टपरीवरचे सगळे सीन एका दिवशी, पोलिस स्टेशनचे एका दिवशी, भले गोष्टीत ते आठवड्याच्या अंतरानं असोत. कुठल्या सीनला कुठला शर्ट, बाह्या वर का खाली, घड्याळ कुठल्या हातात, जखम किती वाळलेली, हे सगळं एक असिस्टंट सांभाळतो, आता मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. सिनेमात याला वेगळा माणूस असतो, टीव्हीवर त्याच असिस्टंटला नटांना बोलवायचं, संवाद वाचून दाखवायचे, गर्दी सांभाळायची अशी दहा कामं असतात. 'सीआयडी'नं २००४ मधे सलग १११ मिनिटांचा एकाच टेकमधे घेतलेला भाग दाखवला होता, तिथं कटच नाही म्हणजे असली चूक व्हायला जागाच नाही, पण दर आठवड्याला कुणी तसं करू शकत नाही. मला त्या असिस्टंटवर राग नाही. घड्याळाची चूक तर त्याची नाहीच, सेटवर घड्याळ बरोबर हातात होतं! ती एडिटिंगला झाली, आणि एडिटरला कुणी सांगितलेलं नसणार की या गोष्टीत डावा-उजवा हात म्हणजे पुरावा आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या पानावर 'या एपिसोडमधे एकही शॉट फ्लिप करायचा नाही' एवढी ओळ पाहिजे होती. तसंच वेळ, माती, प्रेताची अवस्था, ज्या तीन-चार गोष्टींवर तपास उभा आहे त्या लेखकानंच काढून सगळ्या डिपार्टमेंटला द्यायच्या. चहाचे ग्लास मग कितीही भरोत.

एक मुद्दा अजून सुटायचाय, जीपचा. व्यापाऱ्याची जीप पहिल्या सीनला एमएच २२, म्हणजे परभणी, बरोबर. खुनाच्या रात्री आखाड्याबाहेर तशीच जीप उभी आहे आणि नंबर एमएच ०४, म्हणजे ठाणे. भाच्याचं म्हणणं ही दुसरी गाडी आहे, कुणीतरी बाहेरून आलं होतं आणि तो धागा एडिटिंगमधे कापला गेला. मी दोन्ही फ्रेम शेजारी शेजारी लावून बघितल्या, डाव्या हेडलाइटखाली बंपरला एकाच जागी पोचा आहे आणि काचेवरचा स्टिकर सारखाच अर्धा फाटलेला आहे. गाडी एकच आहे, भाड्यानं आणलेली, दिवसाच्या सीनला नंबरवर खोटी पाटी चिकटवली आणि रात्रीच्या सीनला विसरले. भाच्याला अजून पटलेलं नाही, तो म्हणतो पोचा उलट्या बाजूला असता तर मानलं असतं.